धानाचे तूस आणि औषधोपयोगी सूक्ष्म सिलिका

गोंदिया शहराला लागून असलेल्या फुलचूरसारख्या गावी दिवाळीनंतर धानाची कापणी व चुरणी आटोपली, म्हणजे पोती भरडाईसाठी गिरणीकडे जाऊ लागतात. गिरणीतून तांदूळ घरी येतो, कोंडा तेल काढणारे नेतात किंवा तो जनावरांच्या आंबोणात जातो, कणीलाही गिऱ्हाईक असते. उरते ते तूस. गिरणीवरील मंडळी त्याला भुसा म्हणतात. तो जनावरे खात नाहीत, मातीत लवकर कुजत नाही, हलका असल्यामुळे वाऱ्यावर उडतो व जागा मात्र फार अडवितो. म्हणून उसना तांदूळ करणाऱ्या गिरण्या तो बॉयलरखाली जाळतात, काही विटभट्ट्यांकडे जातो, आणि अखेरीस राखेचे काळेकरडे ढीग रस्त्याकडेला पडतात. उन्हाळ्यात वावटळ सुटली म्हणजे हीच राख दोरीवर वाळत घातलेल्या कपड्यांवर, विहिरीच्या पाण्यावर व माणसांच्या डोळ्यांत जाऊन बसते.

या राखेत असे एक द्रव्य आहे की ज्यापासून औषध वाहून नेणारे अतिसूक्ष्म कण तयार करण्याचे प्रयोग जगातील अनेक प्रयोगशाळांत झालेले आहेत. त्या द्रव्याचे नाव सिलिका. नदीतील वाळू व गारगोटी यांचे मुख्य घटकद्रव्यही हेच होय. वाळू पायाखाली असताना तुसातून सिलिका काढण्याचा खटाटोप कशासाठी, असा प्रश्न कोणाही व्यवहारी माणसास सुचेल. त्याचे उत्तर धानाच्या मुळापाशी आहे.

धान सिलिका कशी घेते

बांधीत पाणी उभे असते तेव्हा मातीतील सिलिकेचा अगदी अल्प अंश त्या पाण्यात विरघळतो. या विरघळलेल्या रूपास सिलिसिक आम्ल म्हणतात. इतर बहुतेक पिके ते बेताचेच घेतात. धानाची मुळे मात्र ते हावरेपणाने शोषून घेतात. पाण्याबरोबर ते पानांत व लोंबीत चढते. पाणी पानांच्या व टरफलाच्या पृष्ठभागावरून उडून जाते आणि सिलिका मागे राहते. रोपाच्या सुकलेल्या वजनाच्या दहा टक्क्यांपर्यंत सिलिका साठल्याची उदाहरणे आहेत. या साठ्यामुळे पानांस ताठपणा येतो, पीक सहसा लोळत नाही, करप्याच्या बुरशीस आत शिरणे कठीण जाते व खोडकिड्याच्या अळीचे दात बोथट होतात. धानाचे पान हातावरून ओढले असता कातडीस ओरखडा उठतो, तो याच सिलिकेमुळे. सर्वांत दाट थर दाण्याच्या बाहेरील टरफलावर, म्हणजे तुसावर बसतो.

वाळूतील सिलिका आणि तुसातील सिलिका यांत फरक आहे तो एवढाच, पण तो फार मोठा आहे. वाळूतील सिलिकेचे रेणू भिंतीतील विटांप्रमाणे एका ठराविक शिस्तीने रचलेले असतात. तिला स्फटिकरूप सिलिका म्हणतात. ती विरघळविण्यासाठी कारखान्यात वाळू व धुण्याचा सोडा यांचे मिश्रण सुमारे १३०० ते १४०० अंश सेल्सिअस उष्णतामानावर वितळवावे लागते. तुसातील सिलिकेचे कण पोत्यात भरलेल्या धानाप्रमाणे कसेही पडलेले असतात. ही अस्फटिक सिलिका होय. ती पाण्यात कालविलेल्या कॉस्टिक सोड्यात उकळी येण्याइतक्या उष्णतेवरही विरघळते. जे काम भट्टीने अवाढव्य इंधन खर्चून करावयाचे, ते धानाने चार-पाच महिन्यांत पावसाच्या पाण्यावर अगोदरच करून ठेवलेले असते.

एका क्विंटलचा हिशेब

शासकीय भरडाईत साध्या तांदळाचा उतारा ६७ टक्के व उसन्या तांदळाचा ६८ टक्के धरण्याची पद्धत आहे. बाकीच्या भागात तुसाचा वाटा सर्वांत मोठा असून तो धानाच्या वजनाच्या अंदाजे एक-पंचमांश भरतो. म्हणजे एका क्विंटल धानामागे सुमारे २० किलो तूस निघते. हे तूस पूर्ण जाळल्यास साडेतीन ते चार किलो राख उरते व त्या राखेत ८५ ते ९५ टक्के सिलिका असते. धानाच्या जातीप्रमाणे, जमिनीप्रमाणे व हंगामाप्रमाणे हे आकडे थोडे खालीवर होतात. तरी एका क्विंटलमागे तीन किलोंहून अधिक सिलिका प्रत्येक शेतकऱ्याच्या पोत्यातून गिरणीत जाते, हे खरे.

अतिसूक्ष्म म्हणजे किती

औषधशास्त्रात ज्या कणांचा येथे विचार करावयाचा आहे ते नॅनोमीटर या मापाने मोजतात. एका मीटरचे शंभर कोटी समान भाग केले असता त्यांतील एक भाग म्हणजे एक नॅनोमीटर. साधारणतः १०० नॅनोमीटरहून लहान कणास नॅनोकण म्हणतात. माणसाच्या केसाची जाडी सुमारे ८०,००० नॅनोमीटर असते.

एवढे बारीक करून काय साधते, हे एका हिशेबावरून ध्यानात येईल. एक सेंटिमीटर लांबी, रुंदी व उंचीचा एक ठोकळा घेतला तर त्याच्या सहा बाजूंचे मिळून क्षेत्रफळ सहा चौरस सेंटिमीटर होते. त्याच ठोकळ्याचे १० नॅनोमीटरचे तुकडे केल्यास त्या सर्व तुकड्यांच्या पृष्ठभागांचे क्षेत्रफळ ६०० चौरस मीटर, म्हणजे जवळजवळ सहा गुंठे भरते. द्रव्य तेवढेच, परंतु औषधाचे रेणू चिकटून बसण्यास जागा मिळते ती एका लहानशा बांधीएवढी.

जाळण्यातील मर्म

तूस हे शेवटी जाळावयाचेच आहे. परंतु ते कसे जाळले यावर त्या राखेचा जन्म औषधशाळेसाठी, शेतासाठी की केवळ फुप्फुसांस अपाय करण्यासाठी, हे ठरते. या विषयातील बाकी सर्व गोष्टी त्या मानाने दुय्यम आहेत.

प्रयोगशाळेत तूस प्रथम चाळून व धुऊन घेतात. त्यानंतर ते सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लात एक-दोन तास उकळतात. असे करण्याचे कारण तुसातील पोटॅश हे होय. पोटॅश राहिले तर जळताना ते सिलिकेशी मिसळून तिचा वितळण्याचा बिंदू खाली आणते. कणांची तोंडे काचेसारखी मिटतात, आत कोळसा कोंडला जातो व मग कितीही जाळले तरी राख काळीच राहते. चुलीतील भुशाची राख दिवसभर धगीत राहूनही पांढरी होत नाही, याचे एक कारण हेच. आम्लात उकळल्याने पोटॅश, चुना, लोह इत्यादी क्षार निघून जातात. हायड्रोक्लोरिक आम्लाचे सांडपाणी त्रासदायक असल्यामुळे त्याऐवजी लिंबात असते ते सायट्रिक आम्ल वापरण्याचे प्रयोग जपानमध्ये ओसाका विद्यापीठात झाले व तेही उपयोगी ठरले.

नंतर तूस पुष्कळ पाण्याने धुऊन वाळवितात व विजेच्या भट्टीत ६०० ते ७०० अंश सेल्सिअसवर काही तास जाळतात. हवा मोकळी खेळती ठेवावी लागते. असे केल्यास शुभ्र, पिठासारखी राख मिळते व तिच्यात ९५ ते ९९ टक्के अस्फटिक सिलिका असते. उष्णतामान याहून फार चढले व तेथेच बराच वेळ राहिले, तर कसेही पडलेले रेणू शिस्तीत रचले जाऊ लागतात. ८०० ते ९०० अंशांच्या पुढे क्रिस्टोबलाइट नावाची स्फटिकरूप सिलिका तयार होण्याचा धोका असतो. तुसात पोटॅश शिल्लक असेल तर ती त्याहून कमी उष्णतेवरही होऊ शकते. गिरणीच्या बॉयलरमधील धग कोठे मंद, कोठे प्रखर असते. तेथे उष्णतेवर कोणाची नजर नसते. नजर असते ती वाफेवर. त्यामुळे एकाच ढिगात अर्धवट जळालेला कोळसा आणि स्फटिक बनलेली सिलिका शेजारी शेजारी सापडतात.

राखेचा रंग हे स्थूल मानाने एक साधन आहे. काळ्या राखेत कोळसा अधिक असतो, करड्या राखेत कमी, आणि पांढऱ्या राखेत बहुतेक नसतो. पांढऱ्यावर गुलाबी झाक दिसली किंवा कठीण खडे झालेले आढळले, तर आच अति झाल्याचा संशय घ्यावा. तथापि रंगावरून अखेरचा निर्णय होत नाही. स्फटिक आहेत की नाहीत हे क्ष-किरणांच्या परीक्षेनेच कळते.

पुण्यातील एक उदाहरण

तुसाची राख व आरोग्य यांचा संबंध महाराष्ट्रात प्रत्यक्ष व्यवहारात आणला गेला तो पिण्याच्या पाण्याच्या बाबतीत. पुण्याच्या टाटा संशोधन विकास व रचना केंद्रात तुसाची राख, सिमेंट व खडे यांच्यापासून पाणी गाळण्याचे एक स्वस्त साधन बनविण्यात आले होते. त्याचे नाव सुजल. डिसेंबर २००४ मध्ये दक्षिणेच्या किनाऱ्यावर सुनामी आली, तेव्हा आपद्ग्रस्त भागात ही साधने वाटण्यात आली. राख पाण्यातील गाळ व बरेचसे जंतू अडवी. परंतु सर्व जंतू मारण्याचे सामर्थ्य तिच्यात नव्हते.

त्यावर पुढे जी सुधारणा झाली तीत राखेच्या सच्छिद्र कणांवर चांदीचे नॅनोकण बसविण्यात आले. चांदी जंतुनाशक आहे हे जुन्या काळापासून ठाऊक होते. पण चांदीचा तुकडा पाण्यात टाकल्याने जे अल्पस्वल्प घडते ते नॅनोकणांच्या अफाट पृष्ठभागामुळे थोड्याच चांदीत साधता येते. शिवाय कण राखेला चिकटून राहिले म्हणजे पाण्याबरोबर वाहून जाण्याचे प्रमाण कमी होते. डिसेंबर २००९ मध्ये टाटा स्वच्छ या नावाने हे साधन बाजारात आले. त्याला वीज लागत नसे व नळाचीही आवश्यकता नव्हती. किंमत ७४९ व ९९९ रुपये होती आणि आतील गाळणीचा भाग ३००० लिटर पाणी गाळून झाल्यावर बदलावा लागे. पाण्यात विरघळलेले क्षार मात्र अशा गाळणीने जात नाहीत, हे अशी साधने घेणाऱ्यांनी ध्यानात ठेवणे इष्ट होय.

या उदाहरणात तुसाची राख औषध नव्हती. ती चांदीचे कण धरून ठेवणारी बैठक होती. औषधाच्या क्षेत्रातही सिलिकेचे काम बहुतांशी असेच, दुसऱ्याला वाहून नेण्याचे आहे.

औषध वाहणारे कण

शुद्ध पांढरी राख कॉस्टिक सोड्याच्या द्रावणात उकळली म्हणजे सोडियम सिलिकेट नावाचा पाकासारखा द्रव तयार होतो. त्यास जलकाच असेही म्हणतात. न जळालेला कोळसा यात विरघळत नाही. तो गाळून वेगळा होतो. या द्रवात आम्ल थेंबाथेंबाने सोडीत ढवळत गेले असता एका टप्प्यावर द्रव एकाएकी दह्यासारखा विरजतो. हे विरजण धुऊन, त्यातील मीठ काढून वाळविले म्हणजे सिलिकेची अतिसूक्ष्म भुकटी मिळते. आम्ल किती वेगाने घातले, द्रव किती पातळ होता व उष्णता किती होती यावर कणांचा आकार अवलंबून असतो. बंगळूर येथील भारतीय विज्ञान संस्थेने तुसाच्या राखेपासून सिलिका काढण्याची जी पद्धत विकसित केली तीत आम्लाऐवजी कार्बन डाय-ऑक्साइड वायू वापरला आहे. त्यामुळे शेवटी धुण्याचा सोडा उरतो व चुन्याच्या साहाय्याने त्यापासून कॉस्टिक सोडा पुन्हा मिळविता येतो. ही सिलिका रबर, रंग व टूथपेस्ट यांसारख्या धंद्यांत लागते.

टूथपेस्टचा उल्लेख आला म्हणून राखुंडीची आठवण होणे साहजिक आहे. जळक्या तुसाने दात घासण्याची चाल महाराष्ट्रात जुनी आहे. टूथपेस्टमधील सिलिका व राखुंडीतील सिलिका द्रव्य म्हणून एकच. परंतु पहिलीचे कण मऊ व मापाचे, तर दुसरीत कोणता खडा किती कठीण याचा नेम नाही. दातांवरील लुकण वर्षानुवर्षे घासून जाते ते अशाच खड्यांनी.

औषध वाहून नेण्यासाठी केवळ बारीक भुकटी पुरत नाही; तिला आरपार छिद्रे असावी लागतात. ही छिद्रे पाडण्याची युक्ती कवेलू भाजणाऱ्या कुंभारास चटकन समजेल. बारीक काड्यांच्या जुडीभोवती माती थापून ती भट्टीत टाकली तर माती भाजली जाते, काड्या जळून जातात व त्यांच्या जागी नळ्या राहतात. येथे काड्यांचे काम साबणासारख्या एका द्रव्याचे रेणू करतात. पाण्यात ते आपोआप जुड्या बांधून उभे राहतात, जलकाचेतील सिलिका त्यांच्याभोवती बसते, आणि सुमारे ५५० अंशांवर भाजल्यावर साबण जळून मधमाश्यांच्या पोळ्यासारखी नळ्यांची रांग उरते. ही युक्ती अमेरिकेतील मोबिल कंपनीच्या शास्त्रज्ञांनी १९९२ साली प्रसिद्ध केली. त्या द्रव्यास एमसीएम-४१ म्हणतात. त्याच्या एका ग्रॅमचा पृष्ठभाग सुमारे १००० चौरस मीटर, म्हणजे पाव एकराच्या जवळपास भरतो. मोबिलचा हेतू खनिज तेलाच्या शुद्धीकरणाचा होता. औषधाचा विचार त्यांच्या मनात नव्हता. २००१ साली स्पेनमधील माद्रिद येथे मारिया व्हायेत-रेगी व त्यांच्या सहकाऱ्यांनी या नळ्यांत आयबुप्रोफेन हे वेदनाशामक औषध भरून ते सावकाश बाहेर पडते असे दाखविले, आणि तेव्हापासून या कामास जोर आला. पुढे तुसाच्या राखेपासून काढलेली सिलिका वापरूनही असे सच्छिद्र कण तयार करता येतात, हे अनेक ठिकाणी सिद्ध झाले.

अशा कणांपासून अपेक्षा काय आहे? कर्करोगाची औषधे रोगट पेशींबरोबर निरोगी पेशींनाही मारतात. औषध नळ्यांत भरून त्यांची तोंडे अशा द्रव्याने बंद केली की जे किंचित आम्लयुक्त जागी उघडेल, तर ते मुख्यतः गाठीपाशी बाहेर पडेल, कारण गाठीच्या आसपास आम्लता बहुधा थोडी अधिक असते. काम झाल्यावर कणाचे काय होते, हा प्रश्नही तितकाच महत्त्वाचा. अस्फटिक सिलिका शरीरातील द्रवात हळूहळू विरघळून तिचे पुन्हा सिलिसिक आम्ल बनते व ते मूत्रपिंडांवाटे बाहेर पडते. धानाच्या मुळाने ज्या रूपात ती बांधीच्या पाण्यातून उचलली, त्याच रूपात ती माणसाच्या शरीरातून निघून जाते.

प्रत्यक्ष रोग्यांवर सिलिकेचे कण वापरण्याची वाटचाल सावध व संथ आहे. अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठात बनविलेले सुमारे सात नॅनोमीटरचे सिलिकाकण मनुष्यावर अजमावून पाहण्यास तेथील शासनाने २०११ साली परवानगी दिली. न्यूयॉर्क येथील कर्करोग रुग्णालयात पाच रोग्यांवर केलेल्या चाचणीचे निष्कर्ष २०१४ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यांत कण सुरक्षितपणे शरीराबाहेर गेल्याचे आढळले. ते कण रोगाची जागा दाखविण्यासाठी होते व ते तुसापासून केलेले नव्हते. तुसाच्या सिलिकेचे औषधी काम मुख्यत्वे प्रयोगशाळेतील नळ्यांत, पेशींवर व प्राण्यांवर झालेले आहे. भारतात नॅनो-औषधांची पारख कशी करावी याची मार्गदर्शक तत्त्वे केंद्र शासनाने ऑक्टोबर २०१९ मध्ये प्रसिद्ध केली. त्यांत कणाचा आकार, शुद्धता, शरीरातील प्रवास व विषारीपणा यांची स्वतंत्र परीक्षा सांगितली आहे. तुसातून येणारे आर्सेनिकसारखे धातूंचे अंश आणि बॉयलरमध्ये भुशाबरोबर कोळसा जाळला असल्यास त्याची राख, या गोष्टी अशा परीक्षेत लगेच उघडकीस येतात. तेव्हा कोणी गावात येऊन भुशाच्या राखेची पुडी नॅनो-भस्म म्हणून विकू लागला, तर ती घेऊ नये व पोटात तर मुळीच जाऊ देऊ नये.

उत्पन्नाचा प्रश्न

तुसापासून औषध होते असे ऐकल्यावर भुशाचा भाव वाढेल, अशी आशा शेतकऱ्यास वाटणे स्वाभाविक आहे. ती आशा बाळगण्यास आज आधार नाही. औषधात लागणारी सिलिका ग्रॅमांनी व किलोंनी मोजतात. एका मध्यम गिरणीचा एका दिवसाचा भुसासुद्धा त्या मापाने अतोनात ठरेल. शिवाय भरडाई करून घेतल्यावर भुसा बहुधा गिरणीवाल्याकडेच राहतो, शेतकऱ्याकडे नव्हे. टनांच्या हिशेबाने मागणी असेल ती रबर, रंग व सिमेंट यांच्या धंद्यांत. अमेरिकेत बर्कले येथे काम करणारे भारतीय वंशाचे शास्त्रज्ञ पी. कुमार मेहता यांनी काबूत ठेवलेल्या आचेवर जाळलेली तुसाची राख सिमेंटमध्ये उत्तम काम देते, हे १९७० च्या दशकातच दाखवून दिले होते. पण तेथेही अट तीच : आच बेताची, राख अस्फटिक, आणि तीत कोळसा अल्प. धग मोजणारे यंत्र बसविणे, भुसा कोरडा व स्वच्छ ठेवणे, त्यात कोळसा न मिसळणे, राख ओली न होता झाकून ठेवणे, एवढ्या गोष्टी गिरणीने पाळल्या तरच तिची राख घेण्यास कोणी कारखानदार पुढे येईल. गिरण्या सहकारी असोत वा खासगी, हा खर्च एकट्याने झेपण्यासारखा नसल्यास काही गिरण्यांनी मिळून एक भट्टी चालविणे अधिक सोयीचे ठरावे.

दुसरी बाजू फुप्फुसांची आहे. स्फटिकरूप सिलिकेची धूळ दीर्घकाळ श्वासाबरोबर आत गेल्यास सिलिकोसिस हा असाध्य रोग होतो. दगडखाणी व काचेचे कारखाने येथील कामगारांत तो फार पूर्वीपासून ठाऊक असून १९४८ च्या कारखाना अधिनियमात शासनाला कळविणे बंधनकारक असलेल्या रोगांच्या यादीत त्याचा समावेश होता. १९९७ साली आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने अशी धूळ मनुष्यात कर्करोग उत्पन्न करणारी म्हणून घोषित केली. बॉयलरखालील राख ओढणारा, ती ट्रॅक्टरमध्ये भरणारा व ढिगाशेजारी घर असलेला, यांना यातील काहीही सांगितलेले नसते. राख उचलण्यापूर्वी तिच्यावर पाणी शिंपडावे. तोंडावर नुसता पंचा न बांधता धूळ अडविणारा मुखवटा वापरावा. ढीग ताडपत्रीने झाकावा. वाहन उघडे नेऊ नये. कारखान्यासाठी कोरडी ठेवावयाची राख मात्र पाण्याने न भिजविता थेट बंद पोत्यांत भरावी. ग्रामपंचायतीने राख टाकण्याची जागा वस्ती व विहिरी यांपासून दूर नेमून दिल्यास निम्मे काम होते.

उरलेली काळी राख

ज्या राखेत कोळसा राहिला म्हणून औषधशाळा व सिमेंटचा कारखाना तिला नाकारतो, तीच काळी राख धानाच्या पऱ्ह्यांना उत्तम मानवते. मंद धगीवर जळाल्यामुळे तिच्यातील सिलिका अस्फटिक राहिलेली असते व ती मातीच्या ओलाव्यात लवकर विरघळून रोपास मिळते. महाराष्ट्रात डॉ. नारायण सावंत यांनी प्रचारात आणलेल्या चारसूत्री भात लागवडीचे पहिले सूत्र पिकाच्या अवशेषांचा फेरवापर हेच आहे व त्यात तुसाच्या राखेस मानाचे स्थान आहे. रोपवाटिकेच्या प्रत्येक चौरस मीटरास अर्धा ते एक किलो काळसर राख गादीवाफ्याच्या वरच्या थरात नीट मिसळावी व नंतर बी पेरावे, अशी त्यात शिफारस आहे. रोपे कणखर होतात, मुळांना माती कमी धरून राहिल्याने रोवणीसाठी ती उपटणे सोपे जाते, व खोडकिडीचा उपद्रव कमी होण्यास मदत होते.

यासाठी शेतकऱ्याने गिरणीवर अवलंबून राहण्याचीही गरज नाही. उन्हाळ्यात वारा पडलेला असताना, गोठा व तणशीचा ढीग यांपासून दूर, तुसाचा बेताचा ढीग करून त्यास मध्यभागी आच द्यावी. ज्वाला उठू न देता तो धुमसत ठेवावा. सर्व तूस काळे झाले की पांढरे होण्याची वाट न पाहता पाणी शिंपडून विझवावे. थंड झालेली राख पोत्यात भरून छपराखाली ठेवल्यास मृगाच्या सरी पडून पऱ्हे टाकण्याची वेळ येईपर्यंत ती चांगली टिकते.